वीतभर कुर्डू, छातीभर कुर्डू

जुळे सोलापुरात आमच्या घराशेजारी एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्यात, कुंपण नाही. त्यामुळे पावसाळ्यात तिथं कुर्डूचं राज्य. भादव्यात पांढरट-गुलाबी तुरे आले की सकाळचा चहा मी कठड्याशी उभा राहूनच घेतो.

गेल्या वर्षी आमच्या मोरीचं पाणी जिथं झिरपतं, तिथला एक कुर्डू माझ्या छातीला लागला होता. नुसत्या फांद्याच फांद्या. तुरे मोजत चाळीसपर्यंत गेलो आणि नाद सोडला. तिथून दहा पावलांवर कुणीतरी टाकलेल्या मुरमात दुसरा एक उभा होता, वीतभरसुद्धा नाही. चार पानं आणि डोक्यावर बोराएवढा एकच तुरा. तो वाळल्यावर वर्तमानपत्रावर झटकला, तर राजगिऱ्याच्या या भाऊबंदानं काळं चकचकीत बी टाकलं. अकरा दाणे.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "जातच खुजी असंल की ती."

मला पटेना. दोघांचंही बी वेगवेगळं ठेवलं आणि यंदा एकाच मातीच्या दोन कुंड्यांत पेरलं. प्रयोग अगदी शास्त्रशुद्ध! फक्त चिठ्ठ्या शाईपेननं लिहिल्या होत्या, त्या पहिल्याच सरीत धुऊन गेल्या. आता कुठली कुंडी कुणाची, ते रोपांकडं बघूनही कळत नाही. दोन्हीकडं सारखीच गुडघाभर. म्हणजे खुजेपणा मुरमाचा होता, बियाचा नव्हे. निदान या अकरा दाण्यांपुरता.

या झाडांना एकच हंगाम मिळतो. पाणी असेल तर वाढत राहायचं, तुरे लांबवायचे. पाणी तुटायला लागलं की आहे तेवढ्या अंगावर फुलून मोकळं व्हायचं. प्लॉटवरचं बहुतेक बी मोरीकाठच्या दोन-चार दांडग्यांचंच असतं, बाकीचे शेकडो एकेका तुऱ्याचे धनी.

केना तर याहून बेरकी. त्याची निळी फुलं सगळ्यांना दिसतात. पण उपटून बघा, मातीखालीही फुलं असतात. कधीच न उमलणारी, स्वतःच्याच परागावर बी धरणारी. वरचं लहान-मोठं, खालचं लहान-मोठं, असं चार तऱ्हेचं बी एकाच झाडाला, आणि ते एकदम रुजत नाही. आमच्याकडं मृगाची एक सर येते, मातीचा वास सुटतो, नि मग तीन आठवडे नुसता वारा. पाऊस खरा लागतो तो सप्टेंबरात. पहिल्या सरीला भुलून सगळंच बी उगवलं तर वंशच बुडायचा. बेभरवशाच्या पावसात किती बी मातीत राखून ठेवावं, याचं गणित डॅन कोहेन या इस्रायली शास्त्रज्ञानं 1966 साली मांडलं. केन्याला हातचा राखणं त्याच्या कितीतरी आधीपासून जमत होतं.

परवा मी कामावर असताना अक्का गच्चीवर आल्या आणि दोन्ही कुंड्यांचे कोवळे शेंडे खुडून घेऊन गेल्या. संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट घातलेली वाटीभर भाजी घरी आली, कडक भाकरीसकट.

मोरीकाठच्याची की मुरमातल्याची, कोण जाणे. मीठ मात्र जरा जास्त होतं.