बंड करणारी माणसं इथेच राहत होती

गुरुवार

ऑफिस सुटल्यावर काळबादेवीतून चालत आले. संध्याकाळी त्या गल्ल्यांमधून चालायचं तर हातगाड्या नेतील तसंच चालावं लागतं. कापडाचे गठ्ठे माणसाच्या डोक्यावर जातील इतके रचलेले; एकजण पुढून ओढतोय, दोघं मागून वाकून रेटताहेत, आणि "बाजू, बाजू" चाललेलं. चढ आला की मागच्याच्या पोटऱ्या टरारून फुगतात. एका मोटारीने मध्येच तोंड घातलं, तेव्हा पुढच्याने गाडी नुसती टेकवली आणि शांतपणे उभा राहिला. मोटार मागे गेली.

याच काळबादेवीत 12 डिसेंबर 1930 रोजी बाबू गेनू विलायती कापडाच्या लॉरीसमोर आला आणि हटला नाही. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. महाळुंगे पडवळहून पोटासाठी मुंबईत आलेला, गिरणीत राबणारा विशीतला पोरगा. शाळेच्या धड्यात तो फार उंचावर जाऊन बसला होता, मला कधी ओळखीचा वाटला नाही. इथे गठ्ठ्यांच्या गर्दीत वाटतो. गिरणीत कापड काढणाऱ्यालाच परक्या कापडाची लॉरी अडवावीशी वाटली, यात मला त्याचं सगळं शहाणपण दिसतं.

शनिवार

हुतात्मा चौकात बस अडकली. सिग्नलला एक बाई मुलाला 1864 सालचं कारंजं दाखवत होती. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, त्यांच्याकडे बोट गेलं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी 21 नोव्हेंबर 1955 ला इथे गोळीबारात 15 माणसं गेली. उठून सांगावंसं वाटलं, तेवढ्यात बस सुटली.

रविवार

गेटवेला पाहुण्यांना घेऊन गेले. फोटोवाले, फुगेवाले, एलिफंटाच्या लाँचची तिकिटं ओरडून विकणारे. पाहुणे ताजकडे बघत होते, मी धक्क्याच्या पायऱ्यांकडे.

18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप पुकारला. निमित्त जेवणाचं आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिवीगाळीचं. दोन-तीन दिवसांत बंदरातल्या जहाजांवरून ब्रिटिश झेंडे उतरले आणि काँग्रेस, लीग, कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे शेजारी शेजारी चढले. सरकारने खलाशांची रसद तोडली, तेव्हा या धक्क्यावर मुंबई जेवण घेऊन आली. हॉटेलवाल्यांनी भटारखाने उघडे केले, लोकांनी फळं, पाव, दूध, जे हाताला लागलं ते आणलं. भिकारीसुद्धा पुडकी घेऊन आले होते, असं त्या वेळच्यांनी लिहून ठेवलंय. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी त्यांना अडवलं नाही, उलट होड्यांत सामान चढवायला हात लावला.

मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत मोठं वाटतं. ज्याच्याकडे स्वतःच्या रात्रीच्या जेवणाची खात्री नाही, तो माणूस अनोळखी खलाशासाठी पुडकं घेऊन येतो. कुठल्या पुढाऱ्याने त्याला तसं सांगितलं नव्हतं. मोठे पक्ष तर संप मागे घ्या म्हणत होते.

22 तारखेला गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर उतरले आणि लष्कराने गोळ्या चालवल्या. शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. 23 ला खलाशांनी शरणागती पत्करली. इतक्या माणसांपैकी दोन-चारच नावं आपल्याला ठाऊक असावीत, हे मला सहन होत नाही. परळ-लालबागच्या ज्या कोपऱ्यांवर आज वडापावच्या गाड्या लागतात, तिथलेच ते लोक. आता तिथे टॉवर आहेत, पण चाळीही अजून सगळ्या गेलेल्या नाहीत.

सोमवार

रविवारचं सगळं शेजारच्या मावशींना सांगत होते. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, मी होते ना लाटण्याच्या मोर्च्यात." 1972 ची महागाई, तेल-साखरेची टंचाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे, आणि मागे आमच्या मावशींसारख्या बायका, लाटण्याने थाळ्या बडवत. स्वयंपाक उरकून निघाल्या होत्या. थाळीला पोचे पडले म्हणून सासू रागावली, पण पुढच्या मोर्च्याला तिनेच पोरं सांभाळली. एवढी वर्षं भाजी निवडायला आम्ही एकत्र बसतो आणि हे मला आज कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं असं नाही. त्यांनाच ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. "त्यात काय, सगळ्याच गेल्या होत्या," म्हणाल्या.

1946 साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात आहे. तुमच्या घरात, चाळीत, गावी असं कोणी असेल तर या आठवड्यात जाऊन बसा त्यांच्यापाशी. कुठल्या रस्त्यावर होतात, शेजारी कोण होतं, त्यांची नावं काय, घरी कोण काय म्हणालं, एवढं तरी विचारून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करा. लालबागला मावशींची एक मोठी बहीण आहे, तिने तेव्हाची परळ पाहिलेली. बुधवारी दुपारी आम्ही दोघी तिच्याकडे जायचं ठरवलंय.