आठ, दोन, आठ

मी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. मे २०२१ मध्ये केंद्राने फायनल इयरच्या मुलींना कोविड ड्युटीला घ्यायची परवानगी दिली आणि आमच्या पोरी, ज्यांनी वर्षभर वॉर्ड फक्त मोबाईलवर बघितलेला, त्या थेट पीपीई चढवून आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी एकीचा फोन. "मॅडम, बारा नंबरचे आजोबा लाकडासारखे झालेत. कूस पण बदलता येत नाही, दुपारी तासभर बोलतात अन् परत तसेच. ऑक्सिजन ९५ आहे. सगळे म्हणतात कोविडचा वीकनेस."

फाईलवर पार्किन्सन्स लिहिलेलं होतं, गोळी चालू होती, म्हणजे कागदावर सगळं ओके. मी म्हटलं, अगं घरी फोन लाव. आजी खाली गेटबाहेर बसून होत्या, नातेवाईकांना आत बंदी. त्या म्हणाल्या, घरी सहा, दहा, दोन, सहा, दहा, गजर लावून देते, आणि खाण्याच्या अर्धा तास आधी, नाहीतर गोळी लागतच नाही त्यांना.

वॉर्डात काय चाललेलं? औषधांची ट्रॉली फिरते आठ, दोन, आठला. भरती करताना कुणीतरी पाच वेळाचं टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, करून टाकलेलं. वर कोविडचा हाय प्रोटीन डाएट, म्हणजे आठला गोळी आणि गोळीसोबतच दोन उकडलेली अंडी! गोळीतलं लेवोडोपा आणि प्रोटीनमधली अमिनो आम्लं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात, पुढे मेंदूत, जिथे लेवोडोपाचं डोपामाइन बनतं, तिथे शिरतानाही तीच मारामारी. आणि हे औषध रक्तात दीडेक तासात अर्धं होतं, त्याला ट्रॉलीची वेळ काय कळणार. मळमळतं म्हणून मेटोक्लोप्रामाइडही लिहिलेलं, जे डोपामाइनच अडवतं. ते आधी बंद करायला लावलं, डॉक्टर बिचारे चांगले होते, पटकन ऐकलं. (सगळे ऐकत नाहीत.)

वेळा बदलल्यावर दोन दिवसांनी आजोबांनी कप स्वतः धरला.

मला खुपतंय ते वेगळंच. या मुलींना पार्किन्सन्स मीच शिकवला होता, झूमवर, ३१ स्लाइड. थरथर, ताठरपणा, मंद हालचाल, तोल जाणं, सगळं पाठ करून घेतलं, परीक्षेत येतं ना. गोळीच्या वेळेवर एकच ओळ, ती पण मी वाचून पुढे गेले. १९६१ साली व्हिएन्नात पेशंटला पहिल्यांदा लेवोडोपा टोचलं, त्यावर मात्र पाच मिनिटं बोलले होते, कारण मला ते आवडतं. अल्फा सिन्युक्लिनवर पण, म्हणजे या आजारात मेंदूच्या पेशींत साठणाऱ्या प्रोटीनवर. जग या आजाराच्या मुळाशी जायला बघतंय आणि इथे साठ वर्षांपूर्वीचं औषध पेशंटच्या तोंडात वेळेवर पडत नाही. आजींना जे माहीत होतं ते माझ्या स्लाइडमध्ये नव्हतं, आणि आजींना आम्ही गेटबाहेर बसवलेलं.

त्या पोरीने चार्टवर लाल पेनने पाचही वेळा लिहिल्या होत्या. आठवड्याने चार्ट नवीन केला तेव्हा परत कुणीतरी टीडीएस लिहिलं. तिने परत खोडलं.