गमतीने केलेला सरकारी कागद

गेल्या पावसाळ्यात चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझा भाचा त्याच्या दोन मित्रांना घेऊन जळगावला माझ्याकडे आला, तेव्हा तिघांचेही चेहरे उतरलेले होते. "मामा, मस्करी करेल व्हती आम्ही," एवढेच तो म्हणाला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर रेल्वेतील नोकरीचे नियुक्तिपत्र होते: वर सिंहमुद्रा, तिच्याखाली 'सत्यमेव जयते', जावक क्रमांक, तारीख, कुठल्याशा जुन्या पत्रावरून उचललेला गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही. अभ्यासिकेत चार वर्षे त्यांच्या शेजारी बसून भरतीची तयारी करणाऱ्या मित्राच्या नावाने त्यांनी ते तयार केले होते आणि संध्याकाळी त्याला खरे काय ते सांगायचे, असा त्यांचा बेत होता.

संध्याकाळपर्यंत मुलाच्या वडिलांनी गावात पेढे वाटले होते आणि कपाशीच्या फवारणीसाठी राखून ठेवलेले पैसे मुलाच्या कपड्यांसाठी व प्रवासासाठी काढून दिले होते. ते पाहिल्यावर या तिघांना बोलण्याचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा तो कागद घेऊन भुसावळला रेल्वेच्या कार्यालयात गेला. तेथे त्याला बराच वेळ बसवून ठेवण्यात आले, कागद कुठून आला याची चौकशी झाली आणि कागद ठेवून घेऊन त्याला परत पाठवण्यात आले.

"आम्हाला कोणाला फसवायचे नव्हते, मग हा गुन्हा कसा?" हा भाच्याचा प्रश्न मी टाळू शकत नव्हतो, कारण कायद्याचा सारा रोख खरोखरच हेतूवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३५ नुसार खोटा दस्तऐवज ठरण्यासाठी तो अप्रामाणिकपणे किंवा कपटीपणाने केलेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये डॉ. विमला यांच्या खटल्यात हेच तपासले होते. त्यांनी आपल्या सहा महिन्यांच्या मुलीच्या नावाने मोटार घेतली आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्याच नावाने सह्या केल्या. त्यातून त्यांना कोणताही गैरलाभ झाला नाही आणि कोणाचे नुकसानही झाले नाही, म्हणून त्या निर्दोष सुटल्या. कपट म्हणायचे तर फसवणुकीबरोबर कोणाला तरी क्षती पोहोचवण्याचाही भाग हवा, असे न्यायालयाने सांगितले.

हे ऐकून मुलांना हायसे वाटले, पण मला वाटले नाही. कारण कायद्यातील 'क्षती' केवळ पैशांची नसते. शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता या चारही गोष्टींना बेकायदा पोहोचवलेला अपाय तिच्यात येतो. पेढे वाटून झाल्यावर गावासमोर मान खाली घालावी लागलेल्या बापाचे मन त्या व्याख्येबाहेर आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? त्या मुलांच्या मनात तसा हेतू नव्हता, असे मी मानतो. परंतु आरोप झालाच, तर हेतू काय होता हे न्यायालय परिस्थितीवरून ठरवते आणि ते ठरेपर्यंतची वर्षे त्यांच्याच आयुष्यातून जातात. साध्या बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण लोकसेवकाने पदाच्या नात्याने दिल्याचे भासवणाऱ्या दस्तऐवजासाठी कलम ३३७ आहे आणि तेथे ही मर्यादा सात वर्षांची होते.

सिंहमुद्रेची गोष्ट तर आणखी निराळी आहे. भारताच्या राजचिन्हाच्या अनुचित वापराला मनाई करणारा २००५ चा कायदा फसवणुकीचा हेतू विचारतच नाही. कागद सरकारी आहे असा समज होईल अशा रीतीने ते चिन्ह विनापरवानगी वापरू नये, एवढेच तो सांगतो. भाच्याने ते चिन्ह इंटरनेटवरून दोन मिनिटांत उतरवून घेतले होते.

भुसावळला गेलेल्या मुलाची मला अधिक काळजी होती. बनावट कागद खरा म्हणून वापरणे हाही कलम ३४० खाली गुन्हा आहे. मात्र तो बनावट असल्याचे वापरणाऱ्याला माहीत असावे लागते किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे कारण असावे लागते. तो मुलगा पूर्ण विश्वासाने गेला होता. म्हणून त्याच दिवशी मी तिघांकडून घडलेला प्रकार तारीखवार लिहून घेतला, त्यांना त्या कार्यालयात नेऊन लेखी माफी द्यायला लावली आणि मग मित्राच्या घरी घेऊन गेलो. फवारणीचे पैसे त्यांनी परत केले. वडिलांनी ते घेतले, पण ते कोणाशी काही बोलले नाहीत.

गुन्हा नोंदवला गेला नाही. पण पेढ्यांबरोबर त्या पत्राचा फोटोही नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला होता, आणि माफीचा फोटो कोणी फिरवला नाही. दिवाळीनंतर त्या मुलाला नंदुरबारकडच्या एका अनोळखी माणसाचा फोन आला. आपल्याही मुलाचे असेच काम करायचे आहे, असे सांगून त्याने विचारले, "तुम्ही किती दिले?"