ठमीचे श्वास मोजताना

मांजराचा खोकला पटकन ओळखू येत नाही. पोट जमिनीला टेकवून, कोपरं बाहेर काढून, मान पुढे ताणून ते बसतं, घशातून खरखर करतं, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करतं आणि काही झालंच नाही अशा थाटात उठून चालायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, केसांचा गोळा अडकलाय. आमच्या ठमीबद्दल घरात सगळ्यांचं तेच मत होतं. फक्त गोळा काही केल्या बाहेर पडत नव्हता. म्हणून मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून ठेवला. पुढे या व्हिडिओचा फार उपयोग झाला, कारण दवाखान्यात मांजर कधी खोकत नाही. ते तिथे दडायला जागा शोधत असतं.

ठमी तेरा वर्षांची आहे. या वयातलं मांजर जरा कमी खेळलं, जास्त झोपलं, तर कोणालाच नवल वाटत नाही, आणि श्वासाचा आजार नेमका त्याच आडोशाने वाढतो. मांजर दम लागेल असं काही करतच नाही. उंच कपाटावर चढणं सोडतं, जिन्यात मध्येच बसतं. आपण म्हणतो, म्हातारी झाली.

डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, पण त्याआधीच एका पहाटे तिला अटॅक आला. तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं आत-बाहेर. कुत्र्याने तोंड उघडून धापा टाकणं वेगळं. मांजर नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. बसल्या जागी ते तोंडाने श्वास घेऊ लागलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नसते. हिरड्यांवर निळसर किंवा राखाडी छटा दिसली तर मुळीच नाही. आई म्हणाली, "अगं, आधी थोडं पाणी तरी पाज तिला." मी पाजलं नाही. श्वास लागलेला असताना तोंडात काही ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं. घरातल्या औषधांच्या डब्याकडेही वळले नाही. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि सर्दी-खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिला थेट ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. मला वाटलं होतं, आता एक्स-रे, रक्त, सगळं भराभर होईल. तसं काहीच झालं नाही. एक हलकं गुंगीचं इंजेक्शन, एक श्वासनळ्या मोकळ्या करणारं, मग थांबणं. मी दोनदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आधी तिला श्वास घेऊ द्या. आजाराचं नाव संध्याकाळी शोधलं तरी चालेल." धाप लागलेल्या मांजराला एक्स-रेसाठी आडवं दाबून धरलं, तर त्या झटापटीतच ते जाऊ शकतं. छातीत पाणी झालंय का, एवढं मात्र त्यांनी ती बसलेली असतानाच सोनोग्राफीच्या यंत्राने पाहून घेतलं. पाणी असतं तर ते सुईने काढावं लागलं असतं आणि सगळी दिशाच बदलली असती. पाणी नव्हतं.

ती जरा सावरल्यावर नाव शोधणं सुरू झालं. मला इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

म्हाताऱ्या मांजराला दम लागला की दम्याआधी इतर संशयित तपासावे लागतात. दमा साधारणपणे तरुण किंवा मध्यम वयात दिसू लागतो. तेराव्या वर्षी पहिल्यांदा लक्षात आला, तर तो आधीपासून दबून होता की हे दुसरंच काही आहे, हा प्रश्न उरतो. हृदयविकार, फुप्फुसातली गाठ, फुप्फुसातले जंत, जुना संसर्ग, हे सगळं त्या यादीत असतं. माझा व्हिडिओ इथे कामी आला. डॉक्टरांनी तो बघून सांगितलं, की हृदय निकामी व्हायला लागलेली कुत्री खोकतात, मांजरं क्वचितच. खोकणारं मांजर असेल तर संशय आधी श्वासनळ्यांवर. तरीही हृदय तपासलंच, आणि त्याला कारण होतं. दम्याचं मुख्य औषध स्टेरॉइड. मांजराचं हृदय आतून दुबळं असेल आणि ते कोणाला माहीत नसेल, तर स्टेरॉइडने ते ढासळू शकतं. म्हणून हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्तचाचणी झाली. थायरॉइड, मूत्रपिंडं, साखर हेही पाहिलं, जंतांसाठी शी तपासली.

एक्स-रेमध्ये श्वासनळ्यांच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या. समोरून कापल्यासारख्या आल्या तिथे बारीक कडी, आडव्या आल्या तिथे समांतर जोडरेषा. फुप्फुसं हवेने जरा जास्तच फुगलेली. बाहेर जाणारी हवा अडकते म्हणून तसं होतं. दम्यात श्वास घेण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. गाठ दिसली नाही. पुढची पायरी म्हणजे पूर्ण भूल देऊन श्वासनळ्या धुवायच्या आणि त्या पाण्यात कोणत्या पेशी आहेत ते बघायचं. इओसिनोफिल जास्त निघाल्या तर दमा, न्यूट्रोफिल जास्त निघाल्या तर जुनाट ब्रॉन्कायटिस. मी विचारलं, दोन्हींच्या उपचारात फरक काय? फारसा नाही, असं उत्तर आलं. मग इतक्या थकलेल्या जिवाला भूल कशाला? आम्ही ती चाचणी केली नाही. उपचारांना ठमी साथ देते का, ते पाहून ठरवायचं होतं. मला हा निर्णय आजही पटतो. मांजर तरुण असतं, किंवा औषध लागू पडलं नसतं, तर मी चाचणी करून घेतली असती.

सुरुवात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झाली. नाव नीट वाचून घ्यावं: प्रेडनिसोन हे त्याचंच भावंड, पण मांजराच्या शरीरात त्याचं औषधात रूपांतर नीट होत नाही. गोळ्यांनी खोकला झपाट्याने कमी झाला. त्याबरोबर ती पाण्याच्या भांड्यापाशी जास्त दिसू लागली आणि खाण्यासाठी पहाटे उठवू लागली. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालल्या तर मांजराला मधुमेह होण्याची भीती असते, आणि म्हाताऱ्या मांजराला तर आणखी. म्हणून औषध थेट श्वासनळ्यांत पोचवणारा इनहेलर. दुसरा उपाय नव्हता.

मांजराला इनहेलर! घरात सगळे हसले. मीही हसले. मग मास्क हातात आला आणि हसू थांबलं.

मांजराला 'आता खोल श्वास घे' असं सांगता येत नाही. म्हणून इनहेलर आणि मास्क यांच्यामध्ये एक नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. पफ नळीत सोडायचा, मास्क नाका-तोंडावर धरायचा आणि मांजराने नेहमीचे 7 ते 10 श्वास घेईपर्यंत धरून ठेवायचा. चार किलोच्या मांजराच्या एका श्वासात जेमतेम 40 ते 60 मिली हवा आत जाते, माणसाच्या श्वासात साधारण 500 मिली. म्हणून तिची नळी लहान लागते आणि श्वासही मोजून द्यावे लागतात. आमच्या नळीला एक झडप आहे, प्रत्येक श्वासाला हलते. ती नसती तर ठमी श्वास घेतेय की रागाने रोखून बसलीय, हे मला कधीच कळलं नसतं. तिला दोन्ही जमतं.

शिकवणीचा नियम डॉक्टरांनी एकच सांगितला: जबरदस्ती नाही. मास्क आधी तिच्या झोपायच्या जागी नुसता पडून राहिला. तिने हुंगला, गाल घासला, तिथे खाऊ मिळाला. मग खाऊ मास्कच्या आत. मग मास्क नाकाला क्षणभर लागला की खाऊ. मग जरा जास्त वेळ. पफचा 'फिस्स' आवाज हा वेगळाच धडा, कारण मांजराच्या कानांना तो दुसऱ्या मांजराने फिस्कारल्यासारखा वाटत असणार. तो आवाज मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला करायचे आणि इकडे आई खाऊ द्यायची. पुढे पफ आधी नळीत सोडून मगच मास्क जवळ न्यायची युक्ती सापडली. एखाद्या दिवशी ती पलंगाखाली जाऊन बसली, तर तिला ओढून काढायचं नाही असं ठरलं होतं. हे सगळ्यात अवघड गेलं. औषध चुकतंय म्हणून माझा जीव वर-खाली, आणि तरी गप्प बसायचं. पण या काळात गोळ्या चालू होत्या, त्यामुळे घाई नव्हती. या रोजच्या इनहेलरमधलं स्टेरॉइड म्हणजे फ्लुटिकासोन; त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर गोळ्या चालू ठेवून मग डॉक्टर सांगतील तशा हळूहळूच उतरवायच्या असतात. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं.

दुसरा इनहेलर साल्ब्युटामॉलचा, तो फक्त अटॅकसाठी. तो काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो आणि बघणाऱ्याला चमत्कार वाटतो, म्हणूनच सांभाळायला हवा. तो सूज कमी करत नाही. मांजरांना रोज दिला तर श्वासनळ्यांची सूज उलट वाढू शकते. फ्लुटिकासोन अगदी उलट: देताना काहीच झालेलं दिसत नाही, काम मात्र तेच करतं.

घरात बदल फार नव्हते. धूर करणारं सगळं बंद. सुगंधी फवारे, तेलाचे डिफ्यूझर बंद. शी-शूच्या ट्रेमध्ये धूळ न उडणारी, बिनवासाची वाळू, आणि ट्रेवरचं झाकण काढून टाकलं, कारण झाकणाखाली धूळ कोंडते आणि तिचं नाक त्याच्या आतच असतं.

आता मोजण्याबद्दल. घरी आल्यावर मला दर मिनिटाला वाटायचं, हिचा श्वास वाढलाय. बघत राहिलं की वाढलेलाच दिसतो. डॉक्टरांनी यावर साधं काम दिलं: ती गाढ झोपलेली असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते 30 सेकंद मोजायचं, दुप्पट करायचं, तारखेसमोर लिहायचं. वर आणि खाली मिळून एक. घुरघुरत असेल, स्वप्नात पाय हलवत असेल, नुकतीच उठली असेल तर मोजायचं नाही. झोपेत मिनिटाला 30च्या आत असेल तर ठीक. पुन्हा मोजूनही 30च्या वर राहिला तर दवाखान्यात फोन. 40च्या पुढे जात असेल किंवा पोटाने जोर लावत असेल तर फोन करत करतच निघायचं.

या वहीने मला वाचवलं, आणि काही दिवस तिनेच छळलंही. मी रात्री उठून उठून मोजायला लागले. डॉक्टरांना आकडे पाठवले, तर उत्तर आलं, "तुम्ही झोपा. दिवसातून एकदा पुरे." तेव्हापासून रोज दुपारी एकदा. तिचा नेहमीचा आकडा 22 ते 26 आहे, हे आता मला पाठ आहे. मध्यंतरी घराजवळ रंगकाम निघालं आणि आकडा 28, 31, 34 असा चढत गेला. खोकला अजून सुरूही झाला नव्हता. फोन केला, गोळ्या थोड्या दिवसांसाठी परत आल्या, अटॅक टळला. भीतीला असा आकडा मिळाला की डॉक्टरांशी बोलणंही सोपं होतं. 'आज कशीतरीच वाटतेय' याला कोणी काय उत्तर देणार?

शेवटाबद्दलचं बोलणंही मीच काढलं, ती बरी असताना. हे बरी असतानाच बोललेलं चांगलं. डॉक्टरांनी मला अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक तज्ज्ञांनी 2004 मध्ये मांडलेली मोजपट्टी दाखवली. सात गोष्टी: दुखणं, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला 0 ते 10 गुण, बेरीज 35च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. श्वास नीट घेता येणं हे त्यात 'दुखणं' याच रकान्यात धरलंय, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे असंही सांगितलंय. तरीही मला बेरजेचा हिशेब पुरेसा वाटला नाही. बाकी सहा रकाने भरलेले आणि श्वास शून्य, तरी बेरीज पास होते. म्हणून आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय: औषधं पूर्ण चालू असूनही ती झोपेत आडवी होऊ शकत नसेल, कोपरं पसरून बसूनच रात्र काढत असेल, तर बाकीचे गुण बघायचे नाहीत. आईला हे बोलणं आवडलं नाही. पण नंतर तिनेच विचारलं, "तेव्हा गुंगीचं इंजेक्शन आधी देतात ना?" देतात. आधी गाढ गुंगी, मग शेवटचं औषध.

सध्या दिवसातून दोनदा इनहेलर, गोळ्या बंद. सकाळचा पफ माझा, संध्याकाळचा आईचा. आई मास्क धरताना श्वास मोठ्याने मोजते आणि नवव्याला ठमीचे कान खाऊच्या डब्याकडे वळतात. साखर आणि मूत्रपिंडांची तपासणी ठरावीक अंतराने होते, वजनही, कारण वजन वाढलं तर श्वासावर भार आणि कमी झालं तर आणखी वेगळी काळजी. फ्रिजवर एक कागद आहे, मी घरात नसताना जो कोणी तिला सांभाळेल त्याच्यासाठी. रोजचा इनहेलर कोणता, अटॅकचा कोणता, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या. दवाखान्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. नेण्याची टोपली कुठे आहे, तिचं वरचं झाकण कसं निघतं. खाली आईने तिच्या अक्षरात भर घातली आहे: मास्कच्या आधी खाऊ दाखवू नये, ती खाऊन पळते.