फॅटचा आकडा बघायचा तर व्यायामाच्या आधी

जिममध्ये तासभर घाम गाळायचा आणि घरी जाता जाता बॉडी कंपोझिशनच्या मशीनवर उभं राहायचं, ही सवय पणजीपासून मडगावपर्यंत सगळीकडे दिसते. आकडा एका टक्क्याने उतरलेला दिसला की मेहनत फळाला आली असं वाटतं. पण जरा हिशेब करा. सत्तर किलोच्या माणसाचा एक टक्का म्हणजे ७०० ग्रॅम. तासाभरात ५०० कॅलरी जळल्या आणि त्या सगळ्या चरबीतूनच आल्या असं धरलं, तरी चरबी घटते जेमतेम ६५ ग्रॅम. मग बाकीचे सहाशेहून जास्त ग्रॅम गेले कुठे? कुठेच नाही. मशीनची गफलत झाली.

हे मशीन चरबी मोजतच नाही. तळवे आणि तळहात यांतून ते एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह सोडतं, बहुतेकदा ५० किलोहर्ट्झचा, आणि शरीर त्याला किती रोध करतं ते बघतं. चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं, त्यातल्या क्षारांमुळे प्रवाह तिथून सहज जातो. चरबीतून जात नाही. रोध, उंची, वय आणि लिंग सूत्रात घालून मशीन बिनचरबीचं वजन काढतं, ते एकूण वजनातून वजा करतं आणि उरेल ते सगळं चरबीच्या खात्यात टाकतं.

व्यायाम झाल्या झाल्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, स्नायूंत रक्त भरलेलं असतं, अंग तापलेलं असतं. त्यामुळे रोध घटतो आणि चरबी कमी दिसते. दुसऱ्या बाजूने घामावाटे पाणी गेलेलं असतं. अंग थंड झालं आणि पाणी भरून निघालं नाही, तर रोध वाढतो आणि तीच चरबी जास्त दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि कोणती वरचढ ठरेल ते घाम किती गेला, हवा कशी होती, मशीनवर किती वेळाने चढलात यावर ठरतं. म्हणूनच ‘व्यायामानंतर मोजलंय, एक टक्का मिळवून घ्या’ असला ट्रेनरचा तोडगा मला मुळीच पटत नाही. चूक कोणत्या दिशेची आहे हेच जिथे ठाऊक नाही, तिथे मिळवणार काय?

गोव्याच्या दमट हवेत यात भर पडते. घाम सुकत नाही, मांड्यांच्या आतल्या बाजूला साचून राहतो. ओल्या मांड्या एकमेकींना चिकटल्या, की प्रवाहाला जवळची वाट मिळते आणि रोध आणखी कमी भरतो. काखेचंही तसंच, म्हणून हात अंगापासून जरा दूर धरायला सांगतात. टॉवेलने पुसल्याने हे टळेल, पण आत तापलेलं अंग पुसून थंड होत नाही.

पाणी पिऊन लगेच मोजणं तर त्याहून वाईट. समजा वजन ७०, चरबी १४ किलो, म्हणजे २० टक्के. एक लिटर पाणी प्यायलात. पोटातल्या पाण्याने रोधात लगेच फारसा फरक पडत नाही, कारण एकूण रोधाचा मोठा वाटा बारीक हातापायांचा असतो, धडाचा फार थोडा. वजन मात्र ७१ झालं. मशीन तो किलो चरबीत धरतं: ७१ पैकी १५, म्हणजे २१.१ टक्के. सकाळच्या पेजेचंही तेच.

तेव्हा जोरकस व्यायामानंतर १२ तास जाऊ द्या. संध्याकाळी साडेसहाला फुटबॉल संपला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, मिरामारला फिरायला निघण्यापूर्वी मोजा. आधीचे चार तास खाणंपिणं नको, अर्ध्या तासाच्या आत लघवी झालेली असावी. आदल्या रात्री दारू नको. उर्राकाच्या दिवसांत हे पथ्य पाळणं कठीण, पण लघवी वाढून पाणी जातं ते मोजमापात दिसतंच. अंथरुणातून उठल्या उठल्या मशीनवर चढू नका, दहा मिनिटं उभे राहा किंवा हिंडा, म्हणजे रात्रभर आडवं राहून पसरलेलं पाणी पायांकडे उतरतं. घरच्या काट्यावर हे जास्तच जपायला हवं, कारण तो फक्त पायांतून प्रवाह सोडतो आणि वरच्या अंगाचा अंदाज बांधतो.

कॅलिपरने, म्हणजे चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीची जाडी मोजणाऱ्या साधनाने, मोजत असाल तर विजेचा प्रश्न नाही, तरी व्यायामानंतर नकोच. रक्त भरल्याने त्वचेची घडी जाड भरते आणि ओली कातडी बोटांतून सुटते. अंग कोरडं असताना उजव्या बाजूची घडी धरा, कॅलिपर बोटांपासून एक सेंटिमीटर अंतरावर लावा, दोन सेकंदांच्या आत आकडा वाचा. एकाच जागेच्या दोन नोंदींत दोन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या.

आणि पेसमेकर बसवलेला असेल, तर प्रवाहाच्या मशीनवर चढूच नका; कंबरेचा घेर टेपने मोजा.