पहिल्या पाच पुंगळ्या

पॉइंट टू-टू (.22) पिस्तुलाची रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं कवच, नेमबाजीच्या रेंजच्या फरशीवर पडते, तेव्हा होणारा आवाज अगदी किरकोळ असतो. पूजेची छोटी पळी ताम्हनात पडावी तसा. कानावर आवाज अडवणारा मफ असला की तोही धड ऐकू येत नाही. तरी नवं पिस्तूल घेतलेला माणूस पहिली गोळी झाडल्यावर आधी टार्गेटकडे बघत नाही. तो बघतो उजवीकडे, खाली. पुंगळी पडली का? कुठे पडली? पाचही पुंगळ्या सुपाएवढ्या जागेत पडल्या, तर त्याचा जीव भांड्यात पडतो. एक बुटाजवळ आणि एक शेजारच्या लेनमध्ये गेली, तर टार्गेटवर दहाचे गुण लागलेले असले तरी चेहऱ्यावरची काळजी हटत नाही.

ही काळजी अगदीच वेडी नाही. ती पुंगळी बाहेर पडते तोवर आत बरंच काही घडून गेलेलं असतं. चापाने घोडा सोडला, पिन काडतुसाच्या काठावर आपटली (.22 मध्ये पेट घेणारं मिश्रण बुडाच्या मध्यभागी नसतं, काठाच्या घडीत असतं), साधारण 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी नळीतून निघून गेली. जो दाब तिला पुढे ढकलतो, तोच पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला. या जातीच्या पिस्तुलात बोल्ट जागी धरून ठेवणारं कडीकुलूप नसतं. बोल्टचं वजन आणि त्याच्यामागची स्प्रिंग, एवढ्यावर सगळा कारभार. मागे जाताना बोल्ट पुंगळी बाहेर उडवतो आणि घोडा पुन्हा चढवतो, पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, सारतो. आणि मग थांबतो. चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय पुढची गोळी सुटत नाही, म्हणून हे अर्धस्वयंचलित. यंत्राने आपलं अर्धं काम चोख केलं की नाही, ते पुंगळ्या सांगतात. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब टार्गेटवर असतो, आणि तो बघायची घाई कोणालाच नसते.

पिस्तूल अडकणं म्हणजे काय, हे मराठी पोरांना दिवाळीतच कळतं. पत्र्याच्या पिस्तुलाचं झाकण उघडून तांबड्या टिकल्यांची रीळ आत बसवायची, तिचं टोक वर काढायचं, झाकण लावायचं. पहिली टिकली वाजते. दुसरी वाजते. तिसऱ्याला घोडा दोन टिकल्यांच्या मधल्या कोऱ्या कागदावर पडतो, कारण रीळ पुढे ढकलणाऱ्या दात्याचं आणि टिकल्यांमधल्या अंतराचं गणित कधीच जुळलेलं नसतं. चौथ्याला कागद फाटतो. मग टिकल्या दमट आहेत असं जाहीर होऊन त्या ताटात पसरून उन्हात ठेवल्या जातात. शेवटी सगळी रीळ अंगणातल्या फरशीवर अंथरून स्वयंपाकघरातून पळवलेल्या बत्त्याने वाजवली जाते. पिस्तूल कट्ट्यावर तसंच राहतं. खोटं कशाला बोला, बत्त्याची मजा जास्त होती.

खऱ्या पिस्तुलाचे रोगही फार वेगळे नाहीत, फक्त बत्ता चालत नाही. .22 च्या काडतुसाला बुडाशी काठ असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठाच्या पुढे पडला पाहिजे. उलटा पडला, तर बोल्ट वरचं काडतूस ढकलायला जातो आणि त्याचा काठ खालच्याच्या काठाला अडतो. पाचच गोळ्या असतात, पण नव्या मॅगझिनची स्प्रिंग इतकी ताठ असते की शेवटच्या दोन भरताना अंगठ्याचं नख दुखतं आणि नेमकी तिथेच घाई होते. शिवाय गोळीवर बाहेरून मेणाचा पातळ थर असतो. टेबलावर सांडलेली काडतुसं तशीच उचलून भरली, की रेंजची अर्धी वाळू मॅगझिनमध्ये जाते.

सगळ्यांत फजितीचा प्रकार म्हणजे पुंगळी पूर्ण बाहेर न पडता बोल्टच्या फटीत धुराड्यासारखी उभी अडकणं. नवीन मालक लगेच पिस्तुलाला दोष देतो, जाणता आधी मनगट बघतो. मनगट ढिलं असेल, तर पिस्तूलच मागे झोकांडतं, बोल्टला मागे जायला ठाम आधार मिळत नाही आणि त्याची धाव अपुरी पडते. मनगट घट्ट असूनही अडकत असेल, तर स्प्रिंग नवी आणि काडतूस मवाळ, कमी जोराचं, अशी जोडी जमलेली असते. पहिल्या दोन-तीनशे गोळ्यांत ती बहुधा आपोआप सुटते. तरीही अडकलंच, तर चेंबरच्या तोंडाशी मेण आणि काजळीचं कडं साचलंय का ते बघावं. कोणतं काडतूस पिस्तुलाला मानवेल ते सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीला एकाच कंपनीची पेटी भरून घेऊ नये. तीन-चार प्रकारचे पन्नास-पन्नासचे डबे घ्यावेत आणि पिस्तूल कोणतं मुकाट्याने खातं ते बघावं. लहान मुलाला वरणभात आवडतो की खिचडी, हे जसं आईला ठरवता येत नाही, तसंच आहे हे.

तेलाचा मात्र अतिरेक होतो. कारखान्यातून पिस्तूल गंज लागू नये म्हणून तेलात न्हालेलंच येतं. ते आधी पुसून काढायचं, नळीतून कोरडी चिंधी चेंबरच्या बाजूने घालायची, तोंडाच्या बाजूने नाही, कारण तोंडाची कड झिजली की नेम कायमचा गेला. मग बोल्ट जिथे घासतो तिथे एकेक थेंब. बस्स. शिवणयंत्राला घालतात तसं घळाघळा तेल घातलं, की जळकी पावडर त्यात कालवली जाऊन दोनशे गोळ्यांनंतर आत काजळ तयार होतं.

खोलणं-जोडणं हा आणखी एक विषय. अमेरिकेत 1949 साली विल्यम रूगरने .22 चं पिस्तूल बाजारात आणलं. त्याचा बोल्ट दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जपानी नांबू पिस्तुलावरून घेतलेला, किंमत साडेसदतीस डॉलर. पिस्तूल उत्तम, पण खोलून पुन्हा जोडणं म्हणजे परीक्षा. घोड्याची दांडी मुठीतल्या स्प्रिंगच्या खोबणीत बसली नाही, तर सगळं जागच्या जागी असूनही बोल्ट हलत नाही. ती दांडी आपल्या वजनाने योग्य जागी पडावी, म्हणून पिस्तूल एकदा वर आणि एकदा खाली धरत बसायचं. 2016 मध्ये एका बटणावर उघडणारी आवृत्ती आली, म्हणजे सदुसष्ट वर्षं लोकांनी हा व्यायाम केला. ज्यांना तो जमायचा, त्यांना नवी आवृत्ती जरा पोरकटच वाटली असणार.

आता उरलेलं अर्धं. बंदुकीच्या नळीवरच्या पुढच्या खुंटीला आपल्याकडे माशी म्हणतात. फार नेमका शब्द आहे. नजर तिच्यावर बसवावी म्हटलं की ती उडते. 25 मीटरच्या स्पोर्ट पिस्तूल या स्पर्धाप्रकारात माशी आणि जिच्यातून ती बघायची ती मागची खाच यांच्यात जास्तीत जास्त 220 मिलिमीटर अंतर चालतं. खाचेत माशी एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 11.4 सेंटिमीटर डावीकडे जाते. सावकाश नेम धरायच्या प्रिसिजन फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटरची चूक दहाबाहेर काढायला पुरते. याउलट हात सबंधच एक मिलिमीटर सरकला आणि माशी खाचेत नीट मधोमध राहिली, तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. म्हणून टार्गेट धूसर दिसू द्यायचं आणि माशी लख्ख. नव्या पिस्तुलाचा मालक हे पाठ म्हणून दाखवतो आणि तरीही टार्गेटकडेच बघतो. पैसे देऊन आणलेली वस्तू काय करते, ते बघायचं नाही तर काय करायचं!

चापाचंही तसंच. स्पर्धेत त्याची ओढ निदान 1000 ग्रॅमची लागते, आणि तपासणीच्या टेबलावर पिस्तूल उभं धरून चापाला अडकवलेलं किलोचं वजन उचलून दाखवावं लागतं. शहाणी माणसं वीस-तीस ग्रॅम जास्तच ठेवतात, कारण स्प्रिंग कालांतराने मऊ पडते. पहिला टप्पा सैल, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर बोट टेकवून माशी स्थिर होईपर्यंत दाब वाढवत जायचा. गोळी कधी सुटली हे झाडणाऱ्यालाही किंचित उशिरा कळलं पाहिजे. झटपट झाडायच्या रॅपिड फेरीत दर गोळीला टार्गेट तीन सेकंद समोर असतं, सात सेकंद नसतं, आणि तेवढ्यात हात खालून वर आणून हे सगळं साधायचं असतं. कोल्हापूरची राही सरनोबत 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात शूट-ऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीपर्यंत, ताणलेली लढत जिंकून सुवर्णपदक घेऊन आली. तीन सेकंदांत भिंतीला बोट टेकवून थांबायला सवड असते, हे तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्यांना पटलं.

मूठ कोणाच्याही हाताला पहिल्या दिवशी बसत नाही. अक्रोडाचं सुंदर लाकूड असतं, आणि त्याला कानस लावायची म्हणजे नव्या पैठणीला कात्री लावण्यासारखं. दोन आठवडे माणूस तळहाताला फोड आणत सहन करतो. मग एका रविवारी कानस, पॉलिश पेपर आणि लाकडाची पुट्टी घेऊन बसतो. अंगठ्याखाली थोडं घासायचं, तळव्याच्या पोकळीत थोडी पुट्टी भरायची, ती ओली असतानाच मूठ धरून ठसा घ्यायचा. महिनाभरात मूठ देवीच्या रोग्यासारखी दिसते आणि हातात चपखल बसते. त्यानंतर ते पिस्तूल कोणाला विकता येत नाही.

आणि मग खंडेनवमी येते. घरात शस्त्र आहे म्हटल्यावर ते पाटावर येणारच, झेंडूचं फूल, हळद, कुंकू सगळं होणार. ज्याचं पिस्तूल आहे तो मुकाट्याने बोल्टवर फडकं घालतो, कारण कुंकवाची पूड तेलात मिसळली की तिची खरखरीत पेस्ट होते. बोट फक्त मुठीला लागू द्यायचं, पुट्टी लावलेल्या जागी, तिथे आधीच काही बिघडायचं राहिलेलं नाही. मॅगझिन बाहेर काढून शेजारी. बोल्ट मागे ओढलेला, चेंबर रिकामा असल्याची खूण म्हणून त्यातून केशरी दोरीचं टोक बाहेर आलेलं. रिकामं आहे हे माहीत असतं, काल रात्री बघितलेलं असतं, तरी पुन्हा एकदा बघायचं. पोरं जवळ येतात. दिवाळीचं पत्र्याचं पिस्तूल त्यांनी एकमेकांच्या कपाळाला लावलेलं असतं. हे पाटावर कसं ठेवायचं, ते त्यांच्यासमोरच ठरतं: नळीचं तोंड भिंतीकडे. देवाकडेसुद्धा नाही.