टँजिअरच्या सिगारेटी आणि आमच्या आजोबांची दोन बोदं

परवा पावसात लाईट गेलेली, मोबाईल पन्नास टक्क्यांवर, आणि मी काय वाचत बसलो तर महायुद्ध संपल्यावर भूमध्य समुद्रात चाललेलं सिगारेटचं स्मगलिंग. निपाणीच्या माणसाला तंबाखू कुठंही सापडते बघा.

तर झालं असं की 1945 ला युद्ध संपलं आणि ब्रिटिश नौदलाकडं लाकडी गनबोटींचा ढीग उरला. त्यातली एक जात म्हणजे फेअरमाईल डी, 115 फूट लांब, आत चार पॅकार्ड इंजिनं, एकेक 1,250 हॉर्सपॉवरचं, सगळी पेट्रोलवर. सरकारनं तोफा उतरवल्या आणि बोटी मिळेल त्या भावात विकल्या. काहींची इंजिनं काढून लोकांनी त्यात चक्क संसार थाटले. पण काही बोटी अशा लोकांच्या हातात गेल्या ज्यांना त्या चालवता येत होत्या, म्हणजे जे कालपरवापर्यंत त्याच बोटींवर होते. बावीस-पंचवीस वर्षांची पोरं हो. रात्री दिवा न लावता शत्रूच्या किनाऱ्याला लागायचं, माणूस उतरवायचा, उजाडायच्या आत परत यायचं, एवढंच शिकलेली. सरकारनं त्यांना एक सूट दिला, खरंच, सैन्यातून सुटणाऱ्या प्रत्येकाला एक सिव्हिल सूट मिळायचा, आणि सांगितलं जावा आता घरी. घरी जाऊन काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

मग त्यातले काही टँजिअरला गेले. मोरोक्कोच्या टोकाला, स्पेनच्या समोर, आणि 1956 पर्यंत ते शहर कुठल्या एका देशाचं नव्हतंच, इंटरनॅशनल झोन. तिथं अमेरिकन सिगारेट नावापुरत्या जकातीत मिळायची आणि बोटीत भरणं पूर्ण कायदेशीर, दिवसाढवळ्या, कागदपत्रं करून. गुन्हा व्हायचा तो पलीकडं. स्पेन, फ्रान्स, इटली, तिन्हीकडं तंबाखू म्हणजे सरकारची मक्तेदारी, त्यामुळं तीच पेटी तिथं कितीतरी महाग. रात्री किनाऱ्यापासून लांब थांबायचं, मच्छीमारांच्या होड्या यायच्या, माल उतरवायचा, कस्टमची बोट दिसली की ती चार इंजिनं.

वाचताना मलाही जरा थ्रिल वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढं पुढं ते घाण होत गेलं. 1952 च्या ऑक्टोबरात सिगारेटी घेऊन निघालेल्या कोम्बिनाती नावाच्या डच जहाजावर तोंडं झाकलेली माणसं चढली, सगळा माल लुटला, तो फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर नेऊन उतरवला आणि त्यावरून मार्सेय बंदरातल्या टोळ्यांत मुडदे पडले. चोराच्या घरी चोर शिरला की पोलिसात कोण जाणार?

आमच्या बेळगाव भागात माजी सैनिक गल्लोगल्ली. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, त्यामुळं फौज म्हणजे आमच्याकडं भरतीचं ग्राउंड, पेन्शन आणि नंतर बँकेच्या दारातली बंदूक घेतलेली खुर्ची. स्मगलिंग म्हणाल तर कॅन्टीनच्या कोट्यातली रमची बाटली, जी शेजारच्या लग्नाआधी वरचे चार पैसे घेऊन हळूच दिली जाते आणि ज्याला कुणीही, अगदी देवळात आरती म्हणणारा सुद्धा, गुन्हा समजत नाही.

माझे आजोबा या मराठा पलटणीतूनच इटलीला होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच मोहिमेत, 44-45 ला. त्यांच्या तोंडून इटलीबद्दल एकच गोष्ट ऐकायला मिळायची, रेशनच्या सिगारेटी देऊन गावातनं अंडी आणायचे. "आरं, पैशाला कोन इचारतंय, शिग्रेट दाव म्हनायची." बाकी विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

आजोबा फौजेत गेले तेव्हा आमच्या रानातल्या तंबाखूवर केंद्राचा कर नव्हता. 1943 ला इंग्रजांनी अबकारी लावली, आणि 46 ला ते परत आले तर इन्स्पेक्टर दारात, रोपं किती, वजन किती, परमिट कुठाय. स्वातंत्र्य आलं तरी ते चालूच, पार 1979 पर्यंत. ज्याच्यासाठी लढून आलो तेच सरकार आपल्याच रानातली पानं मोजतंय हे त्यांना काही पटलं नाही.

हे सगळं मला आजीनं सांगितलं, ते गेल्यानंतर. तंबाखूची दोन बोदं, म्हणजे गठ्ठे, अबकारीच्या वहीत न दाखवता कडब्याच्या गंजीत घातलेली. अमावस्या बघून गाडी जुंपली, आसाला दुप्पट वंगण, चाकांच्या धावंला पोती गुंडाळली, कंदील नाही. वखारीत कुणाकडं नेलं ते तिलाही माहीत नव्हतं. "बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून माझ्या वट्यात टाकली बघ, म्हनले हालू नगंस. मी आपली तशीच बसले, पाय मरून गेले, कोंबडं आरवलं तवा गाडी आली."

मी विचारलं, किती पैसे मिळाले गं?

"कुनाला ठावं. आल्यावर आदी घुंगरं मागितली."